जुनी गाडी चोरीपासून वाचवायची आहे? तीन-चार हजारांत काय काय करता येते

मारुती ८००, झेन, जुनी अल्टो, ओम्नी, वॅगन आर, सँट्रो या गाड्या आजही रोजच्या वापरात आहेत. त्यातल्या बऱ्याचशा रात्री उघड्यावरच उभ्या असतात, सोसायटीच्या कुंपणाबाहेर नाहीतर गल्लीच्या कडेला. पन्नास-साठ हजारांच्या गाडीला कोण हात लावणार, असे मालकाला वाटते. चोराचा हिशेब निराळा असतो. अशी गाडी आख्खी विकली जात नाही, ती कटिंगला जाते. दरवाजे, बॉनेट, इंजिन, गिअरबॉक्स, चाके, रेडिएटर सुटे करून विकले की गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त पैसे होतात, आणि सुट्या दरवाजावर नंबर नसतो. शिवाय यातल्या बहुतेक गाड्यांना चिपवाली चावी नाही. वायरी जोडून गाडी डायरेक्ट करायला सरावलेल्या हाताला काही मिनिटे पुरतात.

म्हणून ठरवायचे एवढेच: ही काही मिनिटे वाढवायची. कोणतेही एक कुलूप चोराला कायमचे थांबवत नाही, पण दोन-तीन वेगळ्या प्रकारचे अडथळे एकामागून एक आले की तो शेजारच्या गाडीकडे वळतो. खर्चाचा क्रम मात्र लोक उलटा धरतात. आधी जीपीएस घेतात आणि दरवाजाचे कुलूप कोणत्याही चावीने उघडते ते तसेच राहते. जुन्या गाडीत पहिला पैसा झिजलेल्या कुलपांवर घालावा, दुसरा डोळ्याला दिसणाऱ्या अडथळ्यावर, तिसरा न दिसणाऱ्यावर. ट्रॅकर त्यानंतर.

खाली दिलेले भाव ढोबळ आहेत. गावागावाप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे शे-दोनशे इकडेतिकडे होतील.

आधी तपासणी: फुकट, अर्ध्या तासात

इग्निशन चालू ठेवून चावी ओढून पाहा. चालू अवस्थेत चावी बाहेर येत असेल तर आतल्या पट्ट्या झिजल्या आहेत. मग ओळखीच्या दोन-तीन जणांच्या त्याच मॉडेलच्या चाव्या आपल्या दरवाजाला आणि डिकीला लावून पाहा. जुन्या मारुतींमध्ये परकी चावी सहज फिरते, आणि हे मालकाला वर्षानुवर्षे ठाऊक नसते.

चावी काढल्यावर स्टिअरिंग थोडे फिरवा. खट् आवाज होऊन ते अडकले पाहिजे. अडकत नसेल तर गाडीचे स्वतःचे स्टिअरिंग लॉक निकामी आहे.

गाडी २००५ नंतरची असेल तर तिला इमोबिलायझर असू शकतो, म्हणजे चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा. चावी फिरवली की डॅशबोर्डवर चावीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा क्षणभर लागून विझतो. तो खरोखर काम करतो का हे पाहायला चावीच्या प्लास्टिकच्या डोक्याला स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचे तीन-चार घट्ट पदर गुंडाळा, पाते मोकळे ठेवा आणि गाडी सुरू करून पाहा. स्टार्टर फिरला पण इंजिन धरले नाही, किंवा धरून लगेच बंद पडले, तर चिप वाचली जात आहे. नेहमीसारखे सुरू झाले तर शंका घ्यावी. चिप नसलेली साधी डुप्लिकेट चावी लावून खात्री करा. जुन्या गाडीत कधीकधी आधीच्या मालकाने चिपवाल्या चावीचा खर्च टाळायला सुटी चिप इग्निशनजवळच चिकटवून ठेवलेली असते. मग कोणतीही कापलेली चावी चालते. स्टिअरिंगखालचे प्लास्टिकचे कव्हर चार स्क्रू काढून उघडले की चिकटपट्टी लावलेला तुकडा दिसतो. तो काढून टाकायचा आणि चिपची चावी नव्याने करून घ्यायची.

कुलपे आणि काचेचे रबर

गाडी सेकंडहँड घेतली असेल तर किती चाव्या किती जणांकडे आहेत हे कोणी सांगू शकत नाही. पूर्ण लॉक सेट बदलणे हाच खात्रीचा उपाय. इग्निशन, दोन पुढचे दरवाजे, डिकी आणि पेट्रोलचे झाकण, सगळ्यांना एक चावी. लहान गाड्यांसाठी सेट साधारण १,५०० ते ३,५०० रुपयांत मिळतो. एवढे जमत नसेल तर निदान इग्निशन आणि ड्रायव्हरचा दरवाजा बदला.

कधीकधी कुलूप ठीक असते आणि चावीच झिजलेली असते. अशा वेळी चावीवाल्याकडे झिजलेल्या चावीची नक्कल करू नका, झीजही नक्कल होते. मूळ चावीसोबत पत्र्याच्या बिल्ल्यावर कोड नंबर आलेला असतो. तो असेल तर कोडवरून चावी कापून घ्या.

इग्निशन लॉक स्टिअरिंगच्या दांडीला दोन खास बोल्टने धरलेले असते. हे बोल्ट आवळता आवळता एका मर्यादेला त्यांचे डोके तुटून पडते, म्हणजे नंतर पाना लावायला काही उरत नाही. बदलताना गॅरेजमध्ये बरेचदा त्याजागी साधे बोल्ट टाकतात, कारण पुढच्या वेळी काढायला सोपे. चोरालाही तेवढेच सोपे. समोर उभे राहून डोके तुटेपर्यंत आवळून घ्या.

कुलपात खोबरेल तेल किंवा इंजिन ऑइल सोडू नये. सुरुवातीला चावी मऊ फिरते, मग धूळ बसून चिखल होतो आणि पावसाळ्यात पट्ट्या अडकतात. ग्राफाइट पावडर किंवा कोरडा सिलिकॉन स्प्रे वापरा, वर्षातून दोनदा.

आता दरवाजा. पट्टीने दरवाजा उघडणारा माणूस काचेच्या बाहेरच्या रबरातून पट्टी आत सारतो आणि लॉकची सळई शोधून उचलतो. रबर कडक होऊन तडकले असेल तर हे काम फार सोपे होते. नवे रबर, म्हणजे बीडिंग, दर दरवाजाला दोन-तीनशे रुपयांत बसते. दरवाजाचे आतले पॅनल काढलेच आहे तर आणखी एक गोष्ट करून घ्या: लॉकच्या यंत्रणेवर आणि सळईच्या खालच्या भागावर साधारण १५ बाय २० सेंटिमीटरचा पातळ पत्रा रिव्हेटने बसवा. पट्टी त्यावर अडकते, सळईपर्यंत पोहोचत नाही. पत्र्याच्या कडा घासून बोथट करा, मागून फोमची पट्टी लावा म्हणजे खडखड होणार नाही, आणि पॅनल बंद करण्याआधी काच पूर्ण खालीवर करून पाहा. काच घासली तर महिन्याभरात तिच्यावर उभी रेघ पडते.

गिअर लॉक आणि स्टिअरिंगची दांडी

दिसणारे कुलूप हवेच. काचेतून आत डोकावणारा ते पाहूनच पुढे जाऊ शकतो, आणि काच फुटण्याआधीच प्रकरण टळते.

गिअर लॉक म्हणजे गिअरच्या दांड्याशेजारी गाडीच्या पत्र्याला पक्की बसवलेली ब्रॅकेट आणि दांड्याला रिव्हर्समध्ये अडकवणारी कडी. किंमत बसवणीसह ८०० ते २,००० रुपये. घेताना तीन गोष्टी पाहा. ब्रॅकेट खालच्या पोलादी बोगद्याला (पुढच्या दोन सीटमधल्या पत्र्याच्या उंचवट्याला) बसते की नुसत्या प्लास्टिकच्या कन्सोलला? प्लास्टिकला असेल तर एका हिसक्यात निघते. बोल्टची डोकी कुलूप लावलेले असताना बाहेरून पान्याने पकडता येतात का? येत असतील तर डोके तुटणारे बोल्ट मागा, नाहीतर डोक्याच्या खाचा वेल्डिंगच्या थेंबाने बुजवा. आणि चावी कशी आहे? नळीसारखी गोल, पोकळ चावी असलेली स्वस्तातली कुलपे टाळा. चपट्या पात्यावर खळगे असलेली चावी बरी.

बसवणाऱ्याला ड्रिल मारण्याआधी गाडी खालून पाहायला लावा. बोगद्याखालून गिअरचे रॉड किंवा केबल, कुठे वायरिंग, कुठे सायलेन्सरचा पाइप जातो. भोक पाडल्यावर त्याच्या कडेला रेड ऑक्साइड आणि बोल्टभोवती सीलंट लावले नाही तर पावसाळ्यात पाणी वर येते, कार्पेट कुजते आणि ब्रॅकेटखालचा पत्रा गंजून सगळे ढिले होते.

कुलूप रिव्हर्समध्येच का? गाडी ढकलून किंवा टोचन करून नेण्याचा प्रकार फार जुना आहे. ८००, अल्टो, वॅगन आर, सँट्रो या गाड्यांना इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते. रिव्हर्समध्ये पुढची चाके अडतात आणि हँडब्रेकने मागची. चारही चाके जागची हलत नाहीत. ओम्नी, इको, बोलेरो, सुमो यांच्यात गिअरही मागच्याच चाकांना धरतो आणि हँडब्रेकही, म्हणजे मागची बाजू उचलली की पुढची चाके मोकळी. अशा गाडीत स्टिअरिंग लॉक जास्त महत्त्वाचे. गाडी लावताना चाके एका बाजूला पूर्ण वळवा, मग चावी काढून स्टिअरिंग अडकवा. वाकड्या चाकांवर गाडी सरळ ओढता येत नाही.

पावसाळ्यात गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेकचे शूज ड्रमला चिकटतात. गिअर लॉक लावा आणि चाकाला लाकडाचा ठोकळा द्या.

स्टिअरिंगच्या दांड्या दोन प्रकारच्या मिळतात, ५०० ते १,५०० रुपयांत. आडवी दांडी फक्त चाकावर बसते. जुन्या गाडीचे स्टिअरिंग आतून पातळ सळईचे असते, हेक्सा ब्लेडने कापले की दांडी निघून येते. दुसरा प्रकार स्टिअरिंगपासून क्लच किंवा ब्रेकच्या पॅडलपर्यंत जाणारा, दोन्ही बाजूंना आकडा असलेला. हा घ्या. दांडीमुळे पॅडल दबलेले राहू शकते, त्यामुळे आकडा ब्रेकऐवजी क्लचला लावणे बरे: ब्रेक रात्रभर किंचित जरी दाबला राहिला तरी मागचे दिवे पेटून सकाळी बॅटरी उतरलेली सापडते.

लपवलेला स्विच

गाडी सुरू व्हायला लागणारी एखादी वायर तोडून तिच्यात फक्त मालकाला ठाऊक असलेला स्विच बसवायचा, म्हणजे तो बंद असला की गाडी चालत नाही. सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त उपयोग याचाच. सामान ३०० रुपयांचे, ऑटो इलेक्ट्रिशियनची मजुरी ३०० ते ७०० रुपये. पण चुकीच्या जागी किंवा कच्च्या हाताने केला तर भर रस्त्यात गाडी बंद पडते, म्हणून इथे जरा सविस्तर.

काय तोडायचे हा पहिला प्रश्न. स्टार्टर तोडला तर चावी फिरवताच काहीच होत नाही, चोराला लगेच कळते की स्विच आहे, आणि उतारावर धक्का स्टार्ट करता येते. त्याचा एक गुण आहे: जोड सैल झाला तरी चालती गाडी बंद पडत नाही. इंधनाचा पंप तोडला तर नळीत उरलेल्या दाबावर इंजिन कधीकधी सुरू होते आणि काही सेकंदांत मरते. गाडीत बिघाड आहे असे वाटते. चोरीपासून बचाव म्हणून पंप तोडणे केव्हाही सरस, मात्र जोड पक्के हवेत, कारण चालत्या गाडीत तो जोड सुटला तर इंजिन बंद आणि ब्रेक जड होतो. जोड पक्का करून मिळणार नसेल तर स्टार्टर तोडा. तिथेही जाड केबलला हात लावायचा नाही, तिच्यातून शंभराहून जास्त ॲम्पिअर जातात. स्टार्टरच्या सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या खटक्याला) जाणारी बारीक वायर रिलेमार्फत तोडायची. रिले म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा डबीसारखा स्विच.

पेट्रोल एमपीएफआय गाडीत, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या गाडीत, काम असे करून घ्या:

१. पंपाचा रिले शोधा. इग्निशन चालू केले की मागच्या सीटखालून दोन सेकंद घूं असा आवाज येतो आणि त्याच क्षणी एक रिले बोटाखाली टिक् करतो. तो रिले उपटून पुन्हा चावी फिरवा. घूं आवाज आला नाही तर हाच तो.

२. रिलेला चार पाय असतात. ज्या दोन पायांत मल्टिमीटरवर साधारण ७० ते १०० ओहम येतात ती कॉइल, त्यांवर ८५ आणि ८६ असे आकडे असतात. ३० आणि ८७ या पायांतून पंपाचा खरा प्रवाह जातो, चार ते आठ ॲम्पिअर. कॉइलमधून जेमतेम ०.१५ ॲम्पिअर जातो. तोडायची ती कॉइलची वायर. लहान प्रवाहामुळे स्विच तापत नाही, काळा पडत नाही.

३. आता बॅटरीची निगेटिव्ह दहाच्या पान्याने सोडवा.

४. सॉकेटपासून १०–१५ सेंटिमीटर मागे, मूळ जुडग्याच्या आत वायर तोडा. सॉकेटजवळच तोडली तर रिले पाहायला आलेल्याला जोड दिसतो.

५. दोन्ही टोकांना १ चौरस मिलिमीटरची ऑटो वायर सोल्डर करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. नुसता पीळ देऊन काळी पट्टी गुंडाळायची नाही. उन्हात पट्टीचा डिंक सुटतो आणि वर्षभरात तांबे हिरवे पडते. स्विच निकामी होण्याच्या दहातल्या नऊ तक्रारी या पिळाच्या जोडाच्या असतात.

६. वायर गाडीच्या मूळ वायरिंगबरोबर, त्याच रबरी ग्रॉमेटमधून (पत्र्याच्या भोकातल्या रबरी कडीतून) आत घ्या आणि तशीच काळी कापडी टेप गुंडाळा. लालभडक नवी वायर म्हणजे चोराला दाखवलेली वाट. स्टिअरिंगची दांडी आणि पॅडल यांच्यापासून हातभर लांब ठेवा.

७. स्विच १२ व्होल्ट, निदान ५ ॲम्पिअरचा, धूळ न जाणारा. स्टिअरिंगखाली, ॲशट्रेमागे, ड्रायव्हरच्या सीटखाली या जागा चोर आधी चाचपतो. डॅशबोर्डवर कारखान्यातून आलेले रिकामे बटण असेल, मागच्या काचेच्या हीटरचे किंवा फॉग लॅम्पचे, तर त्याच बटणात हा स्विच बसवणे उत्तम. तो उघड दिसतो आणि तरी कळत नाही. गुडघा लागेल तिथे बसवू नका.

८. बॅटरी जोडा, स्विच बंद करून चावी फिरवा. पंपाचा आवाज येता कामा नये. पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त सेल मारू नका. मग स्विच चालू करून खराब रस्त्यावर एक चक्कर मारा आणि स्विचच्या आसपास हाताने ठोकून पाहा.

काही गाड्यांत कॉइल तोडल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो. तसे झाले तर ८७ पासून पंपाकडे जाणारी जाड वायर तोडावी लागते. मग वायर २.५ चौरस मिलिमीटरची आणि स्विच निदान १५ ॲम्पिअरचा, नाहीतर तो वितळतो.

कार्ब्युरेटरच्या गाडीत, म्हणजे साधारण २००० सालापर्यंतच्या मारुती ८०० मध्ये, पंप इंजिनवरच चालतो. तिथे इग्निशन कॉइलच्या पॉझिटिव्हला येणारी वायर तोडतात. जुन्या डिझेल गाडीत पंपावरच्या सोलेनॉइडची वायर. दोन्हींचा कच्चा दुवा एकच: बॉनेट उघडून बॅटरीपासून एक मीटर वायर थेट जोडली की स्विच बाजूला राहतो. अशा गाड्यांना बॉनेटचे वेगळे कुलूप लावल्याशिवाय या स्विचवर विसंबू नये.

सीएनजी असेल तर

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी निसटते. पेट्रोलचा पंप तोडला आणि गाडीला सीएनजी किट आहे, तर गाडी गॅसवर खुशाल निघून जाते. जुन्या साध्या किटची गाडी तर सुरूच गॅसवर होते. नव्या पद्धतीचे सिक्वेन्शियल किट सहसा पेट्रोलवर सुरू होऊन इंजिन गरम झाल्यावर गॅसवर जाते, पण काहींत बटण दाबून थेट गॅसवर सुरू करण्याची सोय असते. म्हणून सीएनजी गाडीत तोड इग्निशनमध्ये घ्या: ठिणगीच नसेल तर कोणतेच इंधन पेटत नाही. किटच्या वायरिंगला साध्या इलेक्ट्रिशियनचा हात लागू देऊ नका, ते काम अधिकृत किट बसवणाऱ्यानेच करावे. गावाला जाताना सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करून जाणे फुकट आहे, सुरक्षिततेलाही चांगले.

अलार्म, बॅटरी स्विच

बॅटरीच्या निगेटिव्हवर बसणारा, फिरवून काढता येणाऱ्या गाठीचा स्विच २०० ते ५०० रुपयांत येतो. लांब मुक्कामाला ठीक. रोज वापरला तर रेडिओची सेटिंग जाते, काही गाड्यांत आयडलिंग थोडा वेळ वरखाली होते.

सायरन आणि रिमोटचा सेट दीड-दोन हजारांत मिळतो. धक्क्याच्या सेन्सरची संवेदनशीलता कमी ठेवा. दिवाळीच्या फटाक्यांना आणि मिरवणुकीच्या ढोलाला तो वाजत राहिला की आठ दिवसांत आळीतले लोक लक्ष देणे सोडतात, आणि मग खऱ्या वेळीही कोणी खिडकी उघडत नाही. रिमोट दर वेळी कोड बदलणारा घ्या. कायम एकच कोड सोडणाऱ्या रिमोटची नक्कल सहज होते.

जीपीएस ट्रॅकर

ट्रॅकर चोरी थांबवत नाही, गेलेली गाडी शोधायला मदत करतो. १,५०० ते ३,५०० रुपयांचे यंत्र आणि दरवर्षी सिमचा खर्च, हे दोन्ही धरून ठरवा. व्यावसायिक वाहनांना लागणारे एआयएस १४० या सरकारी मानकाचे यंत्र खासगी गाडीला सक्तीचे नाही.

वायरने जोडायचे, आत स्वतःची लहान बॅटरी असलेले घ्या, म्हणजे गाडीची बॅटरी काढली तरी काही तास ठिकाण कळते. नुसते २जी वर चालणारे स्वस्त यंत्र टाळा. जिओच्या सिमवर ते चालतच नाही, कारण त्यांचे २जी जाळेच नाही. लाल वायर कायम १२ व्होल्ट असलेल्या जागी फ्यूजमार्फत, काळी बॉडीला, आणि तिसरी इग्निशनला. यंत्राची अँटेनाची बाजू आकाशाकडे आणि वर फक्त प्लास्टिक हवे. डॅशबोर्डच्या आत बसते, पत्र्याखाली बसत नाही.

गाडी उभी असताना यंत्र साधारण २० मिलीॲम्पिअर खाते असे धरा. दिवसाला अर्धा ॲम्पिअर-अवर, महिन्याला १४ ते १५. अल्टोची बॅटरी ३५ ॲम्पिअर-अवरची आणि तीही तीन वर्षे जुनी असेल तर महिन्याभराने गाडी सुरू होणार नाही. दहा-बारा दिवसांतून एकदा अर्धा तास चालवा.

मोबाइलवरून इंजिन बंद करण्याची सोय बऱ्याच यंत्रांत असते. चालत्या गाडीवर ती वापरू नका. मागून येणाऱ्या निरपराध माणसाचा जीव जाऊ शकतो.

बॅग शोधायला वापरतात तो ब्लूटूथ टॅग पूरक म्हणून चालेल. तो जवळून जाणाऱ्या फोनांच्या आधारे ठिकाण सांगतो, म्हणजे शहरात बरा, आडरानात निकामी. आणि सोबत अनोळखी टॅग फिरतो आहे अशी सूचना चोराच्या फोनवरही येऊ शकते. उन्हात तापणाऱ्या डॅशबोर्डवर ठेवू नका, सीटच्या फोममध्ये ठेवा.

इको असेल तर सायलेन्सर

मारुती इकोचा सायलेन्सर चोरीला जाण्याचे प्रकार महाराष्ट्रात सर्रास झाले आहेत. कारण त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्याच्या आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात. गाडी उंच असल्याने खाली सरपटून चार नट सोडले की काम होते. उपाय: पाइपभोवती पोलादी पट्टी घेऊन ती चासीच्या ब्रॅकेटला डोके तुटणाऱ्या बोल्टने बांधा, किंवा सध्याच्या नटांची टोके वेल्डिंगने बुजवा. कन्व्हर्टरच्या अंगावर वेल्डिंग करू नये, आतली सिरॅमिकची जाळी तडकते. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवा, नाहीतर ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, जळण्याची भीती असते, आणि पेट्रोलची नळी कुठून जाते ते पाहून ओले पोते मध्ये धरा. कन्व्हर्टरच्या बाहेरच्या पत्र्यावर गाडीचा नंबर कोरून ठेवा.

नंबर कोरणे इतर गाड्यांनाही लागू. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात चासी नंबरचे शेवटचे सहा आकडे कोरले की कटिंगवाल्याला त्या काचा विकता येत नाहीत.

कागद आणि विमा

मूळ आरसी बुक गाडीत ठेवू नका. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत रस्त्यावर तपासणीला चालते. मूळ आरसी गाडीत मिळाली तर चोराचे काम निम्मे होते. दुसरी चावीही गाडीत, घरच्या हुकवर किंवा धुणाऱ्या मुलाकडे नको. विमा कंपनी चोरीच्या दाव्यात दोन्ही मूळ चाव्या मागते, एक नसली की प्रश्न सुरू होतात.

नुसता थर्ड पार्टी विमा चोरीला एक रुपया देत नाही. जुन्या गाडीला पूर्ण पॉलिसी महाग वाटत असेल किंवा कंपनी देत नसेल, तर थर्ड पार्टीसोबत फक्त आग आणि चोरी अशी पॉलिसी मिळते का ते विचारा. एजंट आपणहून सुचवत नाही. पाच वर्षांपुढच्या गाडीची विम्यातली किंमत ठरलेल्या तक्त्यावर नसते, कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, तेव्हा नूतनीकरणाला बोलून घ्या. पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेने मान्य केलेले चोरीरोधक यंत्र असेल तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २.५ टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट असते. प्रमाणपत्र सांभाळून ठेवा. १५ वर्षांनंतर आरसीचे नूतनीकरण राहून गेले असेल तर आधी ते करा. मुदत संपलेल्या आरसीवर दावा अडतो.

आजच करायचे काम: चासी नंबर शोधा. छोट्या मारुतींमध्ये तो बहुधा बॉनेट उघडल्यावर समोरच्या उभ्या पत्र्यावर असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासा, त्याचा आणि इंजिन नंबरचा फोटो घ्या, गाडीवरचे पोचे आणि ओरखडे चारही बाजूंनी टिपून ठेवा.

गाडी गेलीच तर

पहिल्या दहा मिनिटांत वाहतूक पोलिसांनी उचलली नाही ना ते विचारा. नसेल तर ११२ ला फोन, आणि तसेच पोलीस ठाण्यात. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली नोंदतात. हद्द आमची नाही असे सांगून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने एफआयआर घेणे त्यांना बंधनकारक आहे. ट्रॅकर असेल तर त्याची लिंक तपास अधिकाऱ्याला द्या, स्वतः मागे जाऊ नका.

फास्टॅग घाईने बंद करू नका. टोल कापला की नाक्याचे नाव आणि वेळ तुमच्या फोनवर येते, आणि पोलिसांना त्याचा थेट उपयोग होतो. त्यांना विचारून मगच बंद करा. आसपासच्या दुकानांचे आणि सोसायट्यांचे सीसीटीव्ही त्याच दिवशी जतन करायला सांगा, बऱ्याच यंत्रांत आठ-पंधरा दिवसांत जुने चित्रण पुसले जाते.

विमा कंपनीला त्याच दिवशी फोन आणि लेखी ईमेल, आरटीओला एफआयआरच्या प्रतीसह पत्र. गाडी सापडली नाही तर पोलीस न्यायालयात अ समरी अहवाल पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही. दाव्याला तो अहवाल, एफआयआर, आरसी, पॉलिसी, दोन्ही चाव्या आणि गाडी दुसऱ्याच्या नावे करण्याचे सह्या केलेले फॉर्म २८, २९, ३० लागतात. कर्ज असेल तर बोजा उतरवण्याचा बँकेचा फॉर्म ३५ पण. अहवालाला महिने लागतात, ठाण्यात जाऊन पाठपुरावा केल्याशिवाय कागद हलत नाही.

सापडली तर गाडी न्यायालयातून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागितली की हजर करण्याच्या लेखी हमीवर, मिळते. ताब्यात घेताना पेन्सिलच्या ठशाशी चासी नंबर जुळवून पाहा. तिथूनच सेल मारून घरी आणायची नाही. चोराने वायरी उघड्या सोडलेल्या असतात, त्यांना बॉडी लागली की आग लागते. बॅटरी सोडवा, ब्रेक ऑइलची पातळी आणि पेट्रोलच्या नळ्या पाहा, आणि गाडी टोचन करून थेट इलेक्ट्रिशियनकडे न्या.